धडधडीसकट डोंबिवली ते ठाणे: स्वीकारावर आधारलेले मानसोपचार, पायरी पायरीने

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा हातात प्लास्टिकची फाइल होती. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सगळं नॉर्मल. आणि त्या 'नॉर्मल' शब्दाचाच त्यांना राग आला होता. "म्हणजे मी नाटक करते का?"

त्यांना आपण ताई म्हणू. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. राहायला डोंबिवलीत, नोकरी ठाण्याला एका बँकेत, वय चाळिशीचं. आठ महिन्यांपूर्वी सकाळच्या गर्दीत लोकलच्या लेडीज डब्यात अचानक छाती धडधडायला लागली, हातापायांना मुंग्या आल्या, घशाला कोरड पडली. आता आपण इथेच कोसळणार असं वाटलं. ठाण्याला कशाबशा उतरल्या, बाकावर बसल्या, अर्ध्या तासात सगळं ओसरलं. त्या दिवसापासून लोकल बंद. नवरा स्कूटरवर सोडणार. तो नसेल तेव्हा रिक्षा, तेही जमलं नाही तर रजा.

"माझी धडधड तेवढी घालवा, मग मी बसते गाडीत," त्या म्हणाल्या. माझ्यासमोर बसणाऱ्या बहुतेकांची मागणी हीच असते. आधी मन शांत होऊ दे, मग जगायला सुरुवात करू. या लेखात जी पद्धत सांगणार आहे ती हा क्रम उलटा करते. गाडीत बसायचं, धडधड येते तर येऊ दे सोबत.

या विचाराच्या उपचारपद्धती बऱ्याच आहेत. जपानमध्ये शोमा मोरिता या मनोविकारतज्ज्ञाने १९१९च्या सुमाराला स्वतःची पद्धत उभी केली. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखणी असणाऱ्यांसाठी आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा, म्हणजे चालू क्षणाकडे जाणीवपूर्वक लक्ष देण्याचा, वर्ग सुरू केला. मार्शा लिनेहान यांनी टोकाच्या भावनिक त्रासातून जाणाऱ्या, स्वतःला इजा करून घेणाऱ्या माणसांसाठी डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, म्हणजे डीबीटी, ही पद्धत बांधली. आणि स्टीव्हन हेज यांनी अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी, थोडक्यात 'अ‍ॅक्ट', आणली. हेज यांची गोष्ट ताईंना मी पहिल्याच दिवशी सांगितली. १९७८मध्ये विद्यापीठातल्या विभागाच्या बैठकीत ज्येष्ठ प्राध्यापकांची जुंपली होती. या तरुण प्राध्यापकाला मध्ये काहीतरी बोलायचं होतं. तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. पॅनिक अटॅक, म्हणजे ताईंना डब्यात आला तसाच भीतीचा अचानक झटका. पुढची काही वर्षं तो वाढतच गेला. मानसशास्त्राचा प्राध्यापक आणि त्यालाच पॅनिक, हे ऐकून ताई पहिल्यांदा हसल्या.

आधी एवढं उरका

पहिला अटॅक आला असेल तर डॉक्टरांकडे जा. धडधड थायरॉइडमुळे होते, रक्त कमी असल्यामुळे होते, हृदयामुळेही होते. ते तपासून घ्यायचं. मात्र रिपोर्ट नॉर्मल आल्यावर तीच तपासणी दर महिन्याला करत बसू नका. ते का, हे पुढे येईलच.

मनोविकारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू असतील तर त्या चालू ठेवा. या पद्धतीचं आणि गोळ्यांचं भांडण नाही. जीव द्यावासा वाटत असेल, कानात आवाज येत असतील किंवा एखाद्या अपघाताच्या, अत्याचाराच्या आठवणी अंगावर येत असतील, तर हे सराव घरी एकट्याने करू नका. डोळे मिटून आत बघायला सांगितल्यावर काही जणांना जास्त त्रास होतो. अशा वेळी समोर जाणकार माणूस हवा. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. नंबर १४४१६.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते. 'स्वीकार' म्हटलं की आपल्याकडे 'पदरी पडलं, पवित्र झालं' असं ऐकू येतं, आणि बायकांना ते पुरेसं ऐकवून झालेलं आहे. घरात मारझोड होत असेल, साहेब छळत असेल, तर त्याला 'स्वीकारा' असं कोणी म्हणत असेल तर तिथून उठून निघा. आपण स्वीकारणार आहोत ती छातीतली धडधड, पोटातला गोळा, डोक्यात येणारा विचार. जे आपल्या कातडीच्या आत आहे आणि हुकूम दिल्याने जात नाही, तेवढंच.

पहिली पायरी: वही काढा

शंभर पानी वही चालेल. एका पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात लिहा, त्रास टाळायला मी आजवर काय काय केलं. दुसऱ्यात, त्याने त्या क्षणी बरं वाटलं का. तिसऱ्यात, महिन्याभराने त्याची काय किंमत पडली.

ताईंचं पान मला अजून आठवतं. पाण्याची बाटली जवळ ठेवली. दारापाशी उभी राहिले. प्रवासभर फोनवर नवऱ्याशी बोलत राहिले. पर्समध्ये शेजारच्या काकांची हार्टची गोळी ठेवली. (हे तर अजिबात करू नका.) स्तोत्र म्हटलं. लोकल सोडली. दुसऱ्या रकान्यात खालपर्यंत एकच शब्द: हो, हो, हो. तिसऱ्या रकान्याशी आल्यावर पेन अडखळलं. रिक्षाचे पैसे. रजा संपल्या. नवऱ्याची चिडचिड. दादरच्या मावशीकडे आठ महिन्यांत गेले नाही. रविवारचा गाण्याचा क्लास सुटला. सगळ्यात शेवटी, 'आता लिफ्टचीही भीती वाटते'.

हे पान लिहायला घाई करू नका, दोन-तीन दिवस जाऊ द्या. कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. टाळण्याने बरं वाटतं, हे खरंच आहे, आणि म्हणून तर आपण टाळतो. पण प्रत्येक वेळी मनाला पावती मिळते की धोका खरा होता, पळालो म्हणून वाचलो. मग भीती लोकलवरून लिफ्टवर येते. दर महिन्याला नवा ईसीजी काढणं हेही पळणंच, फक्त त्याला बिल येतं.

विचार दाबण्याचंही तसंच आहे. वैद्याने औषध दिलं आणि सांगितलं, पिताना माकडाची आठवण काढू नकोस, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. अमेरिकेत डॅनियल वेग्नर यांनी १९८७मध्ये हाच प्रयोग पांढऱ्या अस्वलावर केला. पाच मिनिटं अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटी वाजवायची. घंट्या वाजत राहिल्या. एवढंच नाही, नंतर अस्वलाचा विचार करायची मोकळीक दिल्यावर, आधी दाबून ठेवणाऱ्यांच्या डोक्यात तो जास्तच आला. आपल्या वैद्याला हे आधीच ठाऊक होतं.

दुसरी पायरी: बेदाणा

लक्ष कुठे ठेवायचं हे जमल्याशिवाय पुढचं जमत नाही. कबाट-झिन यांच्या वर्गात सुरुवात एका बेदाण्याने होते. आपल्याला तो अमेरिकेहून आणायची गरज नाही, तासगावचा उत्तम मिळतो.

एक बेदाणा तळहातावर घ्या. तो आयुष्यात पहिल्यांदा बघताय असं समजून बघा. सुरकुत्यांच्या आत रंग वेगळा दिसतो. देठाच्या जागी बारीक खळगा असतो. बोटांत फिरवा, कानाशी नेऊन दाबा, किंचित चिकट आवाज येतो. नाकाशी न्या. तोंडाला पाणी सुटतं ते बघा. अजून खाल्लाही नाही. जिभेवर ठेवा, चावू नका. मग एकदा चावा. गोडी कुठे पसरते, कधी ओसरते, गिळायची ऊर्मी कधी येते. तीन-चार मिनिटं एका बेदाण्याला.

मध्येच मन भाजीत, ऑफिसात, मुलीच्या फीत जाईल. गेलं की लक्षात घ्यायचं, 'गेलं', आणि परत बेदाण्यावर यायचं. पन्नास वेळा गेलं तर पन्नास वेळा परत आणायचं. हे परत आणणं हाच सराव आहे. मन एकाग्र झालं नाही म्हणून नाराज होणाऱ्यांना मी सांगते, व्यायामशाळेत डंबेल खाली येतं म्हणून कोणी रडत नाही.

आठवडाभर रोज एक गोष्ट अशी करा. चहाचा पहिला घोट, भांडी घासताना हातावरचं पाणी, काहीही चालेल. कबाट-झिन यांच्या वर्गात रोज पाऊण तास घरचा अभ्यास असतो. पहाटे पाचला डबे करणाऱ्या माणसाला ते कुठून जमणार? दहा मिनिटं करा, पण रोज.

तिसरी पायरी: धडधडीला बसायला जागा

ही पायरी सगळ्यात अवघड, आणि इथेच सगळे फसतात. म्हणून जरा थांबून बघू.

खुर्चीवर बसा, पाय जमिनीला टेकलेले. डोळे मिटायला नको वाटत असेल तर समोरच्या फरशीकडे बघा. आता त्रासदायक प्रसंगांपैकी मध्यम आठवा. सगळ्यात भीषण नको. अंगात काहीतरी हलेल. कुठे? 'भीती वाटते' हे उत्तर पुरेसं नाही. गळ्याशी, छातीच्या मधोमध, की बेंबीच्या वर? केवढं? लिंबाएवढं की नारळाएवढं? कडा आहेत की विरत जातं? गरम, गार? एका जागी आहे की वर चढतंय?

ताई म्हणाल्या, "गळ्याच्या खाली, मुठीएवढं. आतून कोणीतरी दाबतंय."

मग त्या जागेच्या आजूबाजूला श्वास जातोय असं समजा. तिथे मोकळी जागा होतेय, त्या मुठीला हवं तेवढं मोठं होऊ द्यायचं. कल्पनेत फार रमत नसाल तर तळहात त्या जागी ठेवा, जसा आपण तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतो तसा. काढून टाकायला नाही, नुसता ठेवायचा. खांदे वर चढले असतील, दात आवळले असतील, ते सैल सोडा. कारण धडधड एकीकडे आणि तिच्याशी चाललेली आपली कुस्ती दुसरीकडे, आणि दमणूक बरीचशी कुस्तीची असते. दोन मिनिटांपासून सुरुवात करा, दहापर्यंत न्या.

आता फसगत कशी होते ते. ताई पुढच्या आठवड्यात आल्या आणि म्हणाल्या, "रोज केलं हो, पण धडधड काही गेली नाही." म्हणजे जागा दिली होती, पण डोळा घड्याळावर होता: बसा हं, आणि कधी निघताय? असा पाहुणचार पाहुण्यालाही कळतो. धडधड घालवण्यासाठी केलेला स्वीकार हा टाळण्याचाच नवा प्रकार असतो, वहीतल्या पहिल्या रकान्यात जाऊन बसणारा. गंमत अशी की पुष्कळदा धडधड खरंच ओसरते, आणि मग मोह आणखी वाढतो. ओसरली तर ठीक, राहिली तर ठीक, हे तोंडाने म्हणणं सोपं आहे. अंगात मुरायला ताईंना सहा आठवडे लागले.

अटॅकच्या वेळी शरीरात काय चालतं हे माहीत असलं की जागा करणं थोडं सोपं जातं. अ‍ॅड्रेनलिन वाढतं म्हणून हृदय जोरात चालतं. श्वास भराभर घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या येतात आणि डोकं हलकं होतं. लाट साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचते आणि उतरायला लागते. ही माहिती एकदा समजून घ्या. डब्यात उभं राहून तिचा जप करू नका. तोही धडधड घालवायचा मंत्र होऊन बसतो.

चौथी पायरी: दूध, दूध, दूध

आता विचार. 'मी इथेच कोसळणार' हा ताईंचा विचार.

महाराष्ट्रात अनेकांना अल्बर्ट एलिस यांचा विवेकनिष्ठ उपचार माहीत आहे. कि. मो. फडके यांनी तो इथे आणला आणि रुजवला. त्यात विचाराशी वाद घालतात: कशावरून कोसळणार? पुरावा काय? कोसळलात तर जग बुडेल का? ही पद्धत चांगली आहे आणि अनेकांना लागू पडते. पण ताईंसारखी माणसं वादात पटाईत असतात. त्या स्वतःशी रात्री दोनपर्यंत वाद घालत आणि दोन्ही बाजूंनी हरत. 'अ‍ॅक्ट'मध्ये वादच घालत नाहीत. विचार खरा की खोटा हे बाजूला ठेवून, तो विचार आहे एवढं बघायचं.

शंभर वर्षांहून जुना एक प्रयोग आहे, टिचनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा. 'दूध' म्हणा. पांढरं, गार, साय, ग्लास, सगळं डोळ्यांसमोर येतं. आता मोठ्याने, भराभर, अर्धा मिनिट म्हणा: दूध दूध दूध दूध. थोड्या वेळाने साय जाते, ग्लास जातो, नुसता धूधू असा आवाज उरतो. मग तुमचा शब्द घ्या. ताईंनी 'कोसळणार' घेतला. पंचविसाव्या वेळेला त्यांना हसू फुटलं. शब्दाचा अर्थ गेला नव्हता, त्याची पकड थोडी सुटली होती.

रोजच्या वापरासाठी साधं वाक्य आहे. 'मी कोसळणार'च्या जागी 'मी कोसळणार असा विचार आलाय' म्हणा. नंतर, 'तो जुना विचार परत आलाय'. आकाशवाणीच्या बातम्यांच्या चालीत म्हणून बघा, किंवा लिलावात भाजीची बोली लावतात तसं. पण दुःखाची थट्टा करू नका. आई गेली त्या दिवसाच्या आठवणीला अशा चाली लावायच्या नसतात. तिथे तिसरी पायरीच बरी.

पाचवी पायरी: कशासाठी?

पुस्तकात याला मूल्यं म्हणतात. आपल्याकडे मूल्य म्हटलं की नागरिकशास्त्राचा पेपर आठवतो आणि लोक 'प्रामाणिकपणा, सचोटी' लिहून मोकळे होतात. म्हणून मी वेगळं विचारते: कशापायी तुम्ही हा त्रास अंगावर घ्यायला तयार आहात?

'नोकरी टिकावी म्हणून' हे ताईंचं पहिलं उत्तर. खरं होतं, पण म्हणताना डोळ्यांत काही हललं नाही. गाण्याच्या क्लासचं निघालं तेव्हा त्या गप्प झाल्या. ठाण्याला रविवारी सकाळी, पाच-सहा जणी, एक पेटी. "तिथे मी कोणाची कोणी नसते," त्या म्हणाल्या. हे वहीत गेलं, दोनदा अधोरेखित होऊन.

इथे मोरितांची आठवण येते. त्यांच्या रुग्णालयात चिंतेने ग्रासलेले रुग्ण आधी काही दिवस नुसते अंथरुणात पडून असत, मग हलकी कामं, मग बागेतली आणि कष्टाची कामं, मग घरी. चिंता आहे तशी असू दे, तण मात्र उपटायचं आहे. वाट न बघता काम, एवढंच त्यांचं सूत्र.

सहावी पायरी: कोपर, दिवा, मुंब्रा

धीम्या लोकलची स्टेशनं म्हणजे आयत्या पायऱ्या. डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे. तुमची भीती लोकलची नसेल तर तुमची शिडी तुम्ही आखा. लग्नसमारंभात बोलणं, गाडी चालवणं, दवाखान्यात रक्त देणं, कशाचीही शिडी होते.

आम्ही ठरवलेले नियम साधे होते. दुपारची, कमी गर्दीची गाडी. कुठे उतरायचं ते चढायच्या आधी वहीत लिहायचं. ठरलेल्या स्टेशनाच्या आधी भीतीमुळे उतरायचं नाही. एकच स्टेशन जमणार असेल तर एकच लिहायचं, पण लिहिलं ते पाळायचं. कुबड्या एकेक करून सोडायच्या. आधी काकांची गोळी, मग फोन, शेवटी बाटली. आणि घरी आल्यावर नोंद. 'भीती दहापैकी किती' हा आकडा मी लिहायला सांगत नाही. त्या आकड्यावर नजर गेली की पुन्हा तो कमी करायचा खेळ सुरू होतो. नोंद दोनच गोष्टींची: जागा केली का, आणि ठरलेलं केलं का.

डोंबिवली ते कोपर चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत जागा वगैरे काही केली नाही, दांडा घट्ट धरून डोळे मिटले. चालतं. दिव्यापर्यंत दोन आठवडे.

गाडी सिग्नलला थांबते तेव्हा

सगळं सरळ जात नाही. पाचव्या आठवड्यात कळवा आणि ठाण्याच्या मध्ये गाडी थांबली. पंखा बंद, उकाडा, आणि ताईंना पहिल्या दिवसासारखाच अटॅक. त्या संध्याकाळी फोनवर म्हणाल्या, "सगळं पाण्यात गेलं."

वही उघडायला सांगितली. नोंद अशी होती: 'गाडी थांबली. मूठ गळ्यापर्यंत. कोसळणार कोसळणार. शेजारच्या बाईला वेळ विचारली. हात छातीवर ठेवला. १४ मिनिटं. ठाण्याला उतरले.' मी विचारलं, कुठे उतरायचं ठरलं होतं? ठाण्याला. मग पाण्यात काय गेलं? पलीकडे बराच वेळ शांतता होती.

अशा दिवसानंतर लगेच, दोन दिवसांच्या आत, एक पायरी खाली उतरून पुन्हा जा. आठवडाभर थांबलात तर मन तो आठवडा कशाला वापरतं हे तुम्हाला माहीत आहे.

माणूस शोधताना

सहा आठवडे प्रामाणिकपणे करूनही जगणं आकसतच चाललं असेल तर मदत घ्या. नैराश्य वारंवार येत असेल तर माइंडफुलनेसवर आधारलेली एमबीसीटी नावाची पद्धत विचारा. सेगल, विल्यम्स आणि टीसडेल यांनी ती मुद्दाम त्यासाठीच बांधली. २०००मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात, तीन किंवा जास्त वेळा नैराश्य येऊन गेलेल्यांपैकी नेहमीच्या उपचारांवर असलेल्या ६६ टक्के लोकांना ते पुन्हा आलं. एमबीसीटी घेतलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के होतं. हा वर्ग नैराश्य ओसरलेलं असताना करायचा असतो, ऐन भरात नाही.

इगतपुरीला जाऊ का, हे मला महिन्यातून एकदा तरी विचारतात. धम्मगिरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर ही साधना आहे, उपचार नाही. दहा दिवस मौन आणि दिवसभर बसणं ऐन पॅनिकच्या काळात मी सुचवत नाही. तिथल्या अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात, तिथे लपवू नका.

समुपदेशकाला पहिल्या भेटीत खुशाल विचारा: या पद्धतीचं शिक्षण कुठे घेतलं? घरी करायला काय देणार? सोबत गाडीत बसायची वेळ आली तर बसाल का? तिसऱ्या प्रश्नावर जो चपापेल त्याला वाईट समजू नका. बऱ्याच जणांना खोलीबाहेर पडायची सवय नसते. पण जो 'कधी जायचं?' असं विचारेल, त्याच्याकडे पुढची वेळ घेऊनच उठा.